शिवेवरचं मैदान

११ जुलै १९५६, बुधवार

आज पुन्हा बूट चिखलात राहिला आणि पाय तेवढा वर आला. कोसंबटोल्याला येऊन महिना झाला, पण या गावाची किळस काही कमी होत नाही. अंगणात शेण, विहिरीला शेवाळ, भिंतीवर पाली, आणि जिकडे जावं तिकडे आंबलेल्या मोहाचा वास. नागपूरला असताना ‘समाजशिक्षण अधिकारी’ हे शब्द कानाला काय गोड लागायचे! इथे लोक मला ‘खेळवाले साहेब’ म्हणतात.

त्याला कारण आहे. चामोर्शीच्या विकास कचेरीतून हुकूम आला आहे की या गावात मुलांसाठी क्रीडांगण करायचं, आणि जागा, आखणी, साधनं असं सगळं ग्रामस्थांच्या विचाराने ठरवायचं. ज्यांना विहिरीच्या कडेला थुंकू नये एवढं कळत नाही त्यांच्या विचाराने. पण काम चांगलं दिसलं तर साहेब माझी नागपूरला बदली करतील असं हेडक्लार्क म्हणाला, म्हणून नाक मुठीत धरून मी हे करणार. नागपूरला कुमुदच्या पायासाठी मालिश आणि विजेचे उपचार मिळतात. तापाने तिचा डावा पाय वाळला, आखूड राहिला, त्याला आता दोन वर्षं होतील. ती आठ वर्षांची झाली. लंगडत चालते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

मैदान सपाट, कोरडं हवं आणि कडेला एक बाक हवा, म्हणजे तिला बसून इतरांचा खेळ बघता येईल. एवढं मी कुणाला न विचारता ठरवून टाकलं आहे.

१५ जुलै, रविवार

सभा झाली. सभा म्हणजे चावडीत दहापाच म्हातारे आणि एक कुत्रं. बाकीचं गाव भाताच्या रोवणीला बांधीत, म्हणजे शेतात. पाटलांनी आधी सांगितलं नाही. आज विचारलं तर म्हणाले, “तुमी बलावलं म्हणून आलो जी. रोवणी हाये हे तुमाले दिसूनच राह्यलं ना.”

लटारू पाटील हे गावातले त्यातल्या त्यात स्वच्छ गृहस्थ, म्हणजे धोतराचा मूळ रंग ओळखू येतो. त्यांच्या शेजारी कोलू भुमक. भुमक म्हणजे गावाचं देवाधर्माचं पाहणारा. हा गोंड म्हातारा पूर्ण वेळ विडी चघळत माझ्या पायांकडे बघत होता. मी घसरगुंडी, झोपाळा, उड्या मारायचा वाळूचा हौद असलेलं रंगीत चित्र दाखवलं. चित्र हातोहात फिरलं आणि परत आलं तेव्हा त्यावर तंबाखूचे डाग होते.

“आता सांगा, तुम्हाला काय हवं?”

मग गुणाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, “मोहाचे झाडं तोडू नोका, बाप्पा. बाकी काईबी करा.”

“अहो, मैदानात झाडं कशी ठेवायची?”

“मंग मैदान दुसरीकडं करा.”

याला लोकमत म्हणायचं. पालथ्या घड्यावर पाणी. वहीत मात्र ‘चर्चा उत्साहपूर्ण’ असं लिहून पाठवलं आहे.

२२ जुलै, रविवार

मोठ्यांचा नाद सोडून मुलांना विचारलं. सौ.ची कल्पना. तिला या गावात बरं वाटतं, हे मला एक कोडंच आहे.

मुलं जमली. नाकातून ओघळ, अंगावर चिखलाची पुटं. लालसू नावाचा दहाअकरा वर्षांचा मुलगा पुढारी दिसतो, आणि कोलू भुमकाची नात बुधरी त्याच्याही वरची. मी विचारलं, मैदान कसं हवं? दोघं एकदम बोलायला लागली. चढ हवा. चढाच्या खाली चिखल हवा, घोट्याएवढा. मध्ये खड्डे हवेत, त्यांत पाणी. एक दगडांची रांग, पाऊल टाकायला अवघड अशी.

“हे कशासाठी?”

“गेडीसाठी जी,” बुधरी म्हणाली. “सपाटीवर गेडी चालवाले काय मजा? सपाटीवर तं बकरी पन चालते.”

गेडी म्हणजे बांबूची जोडी, त्यांना खुंट्या बांधून त्यावर पाय ठेवून चालायचं. जिवतीच्या अमावस्येला बांधतात म्हणे. म्हणजे सरकारने खड्डे बुजवायचे ते सोडून खड्डे खणून द्यायचे. मी म्हटलं, तुम्हाला मैदान नको, डबकं हवं. तर सगळी आनंदाने “हो जी” म्हणाली. कुमुद माझ्यामागे उभी होती. तीही हसली.

२५ जुलै, बुधवार

जागा सापडली, आणि ती मी एकट्याने शोधली. गावाच्या पूर्वेला, नाल्याच्या अलीकडे मोकळा, सपाट, सुंदर तुकडा. गाव सगळं चिखलात लोळतं आणि ही जागा हाताने झाडल्यासारखी. शेण नाही, गुरं नाहीत, कुणाची पेर नाही. इतकी चांगली जागा या लोकांनी ओसाड टाकली, यातच सगळं आलं.

लटारू पाटलांना तिथे नेलं. ते कडेच्या दगडाशी थांबले, पुढे येईनात.

“हे जागा नोको, साहेब.”

“का?”

“हे गावची शीव हाये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली रोगराई आमी इथी आनून सोडतो. पोट्ट्यायच्या गेड्या इथीच मोडून टाकतो. घरात जे दुखनं असन, खुपनं असन, ते गेडीसंगं जाते. मंग नाल्यावर पाय धुवायचे अना मांगं न पाह्यता घरी जायचं. त्या जागी लेकराले कोन खेळू देईन?”

एवढा सुज्ञ दिसणारा माणूस. मला खरोखर शिसारी आली. मी त्यांना जंतू, डास, हिवताप यांच्यावर अर्धा तास समजावून सांगितलं. रोग कुणी काठीला बांधून बाहेर टाकत नाही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाले, “तुमी म्हणता तं बरं.”

मान्यता मिळाली. तसं कळवून टाकलं.

७ ऑगस्ट, मंगळवार

काल जिवतीची अमावस्या झाली आणि आज पहाटेपासून गाव राहण्याजोगं राहिलं नाही. प्रत्येक पोरगं बांबूवर चढलं आहे. चिखलातून, डबक्यांतून, शेणाच्या उकिरड्यावरून ही भुतं माणूसभर उंचीवरून फिरतात आणि माझ्या खिडकीतून आत डोकावतात. शिवाय आवाज. बांधलेल्या दोरीवर घासलेट ओततात, म्हणजे प्रत्येक पावलाला ती कर्रकर्र वाजते. जितकी जास्त वाजेल तितकी गेडी चांगली म्हणे. असली चाळीस वाजंत्री दिवसभर चालू आहेत.

आमच्या कंदिलातलं घासलेट कमी होतं आहे. शिपाई नाही म्हणतो. इथे कुणावर विश्वास ठेवावा?

१२ ऑगस्ट, रविवार

आज मैदानावर श्रमदान ठरलं होतं. मी, सौ. आणि शिपाई असे तिघं फावडी घेऊन वाट बघत बसलो. गावातलं एक माणूस शिवेच्या दगडाच्या आत आलं नाही. पलीकडे उभे राहून मात्र बघत होते, जत्रेतलं अस्वल बघावं तसे. गुणाबाई सौ.ला म्हणाली, “बाई, तुमी तरी बाहेर या. तुमच्या घरी लेकरू हाये.” आणि सौ. बाहेर गेली. माझ्याकडे न बघता गेली.

शेवटी चामोर्शीहून मजूर मागवले. आळशी, अडाणी, वर हट्टी. आयतं मैदान मिळतंय तर त्यासाठी मातीचं एक टोपलं उचलवत नाही. ज्यांच्यासाठी करायचं त्यांनीच तोंड फिरवायचं, तर हे करतो कुणासाठी?

१८ ऑगस्ट, शनिवार

घासलेटाचा उलगडा झाला. चोर घरातच होता.

दुपारी कचेरीच्या कामातून लवकर परतलो, तर घरामागच्या वाटेवर नेहमीचा गोंधळ. रागावायला म्हणून मागच्या दाराशी गेलो. मुलांच्या घोळक्यात कुमुद गेडीवर होती. फ्रॉक चिखलाने भरलेला, वेण्या सुटलेल्या, हातात बांबू. तिच्या गेडीची दोरी माझ्याच घासलेटाने सगळ्यांहून मोठ्याने वाजत होती.

मी ओरडणार होतो. पण ती चालत आली, आणि लंगडत नव्हती.

मला आधी समजलंच नाही काय वेगळं दिसतंय ते. मग खाली बघितलं. तिच्या डाव्या गेडीची खुंटी उजवीपेक्षा वर बांधलेली होती. लालसू आणि बुधरी दोघं बाजूने चालत होते. बुधरी म्हणाली, “पह्यले लई पडे जी. मंग सोडली, वर बांधली. पुन्हा पडली, पुन्हा सोडली. आता नाई पडत.” म्हणजे हे कित्येक दिवस चाललं आहे आणि सौ.ला ठाऊक आहे.

घाणीत, जंतांत, उघड्या पायांनी, पडली तर दुसरा पाय मोडेल अशा उंचीवर. सौ.ला मी नको नको ते बोललो. ती म्हणाली, “तुम्ही पाहिलंत ना तिला?” मी म्हटलं, पाहिलं, चिखल पाहिला.

कुमुदला उद्यापासून बंदी केली आहे.

१९ ऑगस्ट, रविवार

बंदी संध्याकाळपर्यंत टिकली. तिने रडणंभेकणं काही केलं नाही, नुसती दाराशी बसून राहिली. मीच म्हटलं, जा, पण वाटेच्या कोरड्या भागातून. मग खिडकीशी उभा राहून दिवे लागेपर्यंत बघत होतो. ती कोरड्या भागातून एकदाही गेली नाही.

२७ ऑगस्ट, सोमवार

साहेब खुद्द उद्घाटनाला येणार. तारीख मीच सुचवली होती, पाच सप्टेंबर. चारला पोळा, पाचला कुणी शेतात जाणार नाही, सगळं गाव हजर असेल असा माझा हिशेब. रोवणीच्या वेळची चूक पुन्हा होऊ नये म्हणून.

संध्याकाळी लटारू पाटील आणि कोलू भुमक आले. ओट्यावर बसले. पुष्कळ वेळ पावसाविषयी बोलून झाल्यावर पाटील म्हणाले, “साहेब, ते तारीख बदलवा. त्या रोजी आमाले शिवेवर याव लागते. रोगराई सोडाची असते.”

“म्हणजे माझ्या मैदानावर?”

“तुमचं मैदान आमच्या शिवेवर हाये जी.”

मला वीट आला होता. मी म्हटलं, तुमचा कचरा कुठेही टाका, नाल्यापलीकडे टाका, पण साहेबांपुढे ही शोभा नको. नुसतं रागाने बोललो. पण कोलू भुमकाने पहिल्यांदा तोंडातली विडी काढली.

“नाल्यापल्याड?” तो म्हणाला. “शीव अशी सरकत नाई, साहेब. तिले पुसा लागन. गावाले पुसा लागन. बापजाद्यायनं ठेवलेली हाये.”

“मग पुसा. मला सगळ्यांना पुसायचा हुकूम आहे, तुम्ही एका दगडाला पुसा.”

पाटील मला काही बोलणार होते. म्हाताऱ्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दाराकडे बघून मला विचारलं, “तुमची पोट्टी त्या मैदानावर बसन काय?”

“बसेल. तिच्यासाठी बाक केला आहे.”

“हं,” म्हणाला आणि दोघं उठून गेले. या लोकांशी बोलणं म्हणजे गाढवापुढे गीता.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायलाही किळस येते. काल दिवसभर गावात चूल पेटली नाही. लहान पोरांनासुद्धा भाकरी नाही. दुपारी ढोल वाजवत अख्खं गाव माझ्या मैदानाच्या कडेला आलं. मी नुकत्याच चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. शिवेच्या दगडापुढे कोंबड्या कापल्या, एक बोकड कापला. कोलू भुमक अंगात आल्यासारखा घुमत काहीतरी गोंडीत म्हणत होता, विनवत होता, मधूनच रडत होता. मग दगड उकरला. चार जणांनी खांद्यावर घेतला, आणि नाल्याच्या पुरातून, छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे नेला. एकदा पाय सुटून सगळेच जाणार होते. पलीकडे पुन्हा कोंबडं, पुन्हा ढोल. परत येताना म्हातारा थंडीने कुडकुडत होता. आज तापाने पडला आहे.

आणि माझ्या पांढऱ्या रेघांवर रक्ताचे शिंतोडे. मी पाटलांना तसं बोललो. ते दमले होते. म्हणाले, “धुवून देतो जी,” आणि खरंच दोन बायका पाठवून धुवून दिलं. त्या बायका मैदानात शिरल्या, हे आता लिहिताना लक्षात आलं. बहुधा रक्त त्यांचं म्हणून भीती नसेल.

सौ. तिथे नारळ घेऊन गेली होती. तिनेही उपास केला होता. शिकलेली बायको.

४ सप्टेंबर, मंगळवार. पोळा

बैलांची शिंगं रंगवली, झूल घातली, ती ओळीने माझ्या दारावरून गेली. वास असह्य. सौ.ने प्रत्येक जोडीला ओवाळलं.

रात्रीच्या जेवणाला कुमुदने सहज सांगितलं, “बाबा, उद्या माझी गेडी मोडायची.”

मी म्हटलं, मोडायची कशाला?

“सगळ्यांच्याच मोडतात.”

“तुझी नाही मोडायची.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. महिनाभर ज्या काठ्यांना मी शिव्या घातल्या त्या आता जपून ठेवून दे म्हणतो आहे, म्हणून असेल. मी तिला समजावलं की चांगली वस्तू मोडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. गेडी कपाटात ठेवायला गेलो तर लांबीमुळे बसेना. शेवटी कचेरीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. प्रश्न तत्त्वाचा आहे.

५ सप्टेंबर, बुधवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

साहेब वेळेवर आले. मैदान छान दिसत होतं. झोपाळा, घसरगुंडी, बाक, पताका. मी भाषण सुरू केलं, आणि समोर माणूस नाही. मी, साहेब, त्यांचा ड्रायव्हर, शिपाई.

तेवढ्यात गावातून आरडाओरडा आला. सगळं गाव, हातात पळसाच्या फांद्या, पुढे गेडीवरची मुलं. “खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा गे मारबत.” मारबत म्हणजे जिच्यासोबत हे सगळं दुखणं गावाबाहेर घालवायचं ती. मला वाटलं, आता सगळं साहेबांच्या पायांवर आणून ओततात. पण ते थांबले नाहीत. ज्या दगडाच्या जागेपुढे कुणी पाऊल टाकत नव्हतं ती ओलांडली, मैदानातून सरळ निघून गेले आणि नाल्याशी उभे राहिले. उतरले मात्र नाहीत.

लटारू पाटील परत माझ्याकडे आले. “साहेब, तुमच्या पोरीची गेडी रायली.”

मी म्हटलं, ती मोडायची नाही.

“एक गेडी गावात रायली तं सगळ्यायचं जानं वाया जाते जी. पोट्टे मोडून नाई राह्यले तिच्यासाठी.”

साहेब विचारू लागले, काय भानगड आहे? मी त्यांना सांगितलं की ही एक अंधश्रद्धा आहे आणि मी तिच्याविरुद्ध उभा आहे. साहेबांना ते आवडलेलं दिसलं. मग कोलू भुमक आला. ताप उतरला नव्हता, नातीच्या खांद्यावर हात होता. तो हात जोडून नुसता उभा राहिला. सगळं गाव पाण्याच्या कडेला फांद्या धरून माझी वाट बघत होतं. माझी, म्हणजे एका किल्लीची.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, साहेबांसमोर, सगळ्यांसमोर, की “ती मोडली तर माझी मुलगी पुन्हा लंगडेल.”

म्हातारा म्हणाला, “लंगडन जी.” मग पुढे म्हणाला, “जिवतीले पुन्हा बांधू. पाय वाढते ना लेकराचा. हेच गेडी कशी पुरन?”

कुमुद सौ.चा हात सोडून माझ्याकडे आली. तिने तळवा पुढे केला. “बाबा, किल्ली.”

दिली.

ती गेडीवर चढून आली, घरापासून पूर्ण मैदानातून. चुन्याच्या रेघा तुडवत, कर्रकर्र वाजवत, मान वर करून. इतकी मुलं रांगेत उभी होती, तिच्याइतकं सरळ कुणी चाललं नव्हतं हे मी बापाच्या डोळ्यांनी नाही म्हणत. साहेबसुद्धा उठून उभे राहिले. नाल्यावर एका माणसाने तिला खांद्यावर घेतलं, गेड्या लालसूने घेतल्या. पलीकडे सगळ्यांनी एकदम मोडल्या. तो कडकड आवाज इकडे ऐकू आला.

मग सगळ्यांनी पाय धुतले आणि मागे न बघता परत आले. जाताना सरळ गेलेली माझी मुलगी येताना लंगडत आली, बुधरीच्या गळ्यात हात टाकून, आणि हसत होती. हे मला समजत नाही. मी आज दुसरीकडे बघितलं नाही.

साहेब जाताना म्हणाले, कार्यक्रम आगळा होता, लोकसहभाग उत्तम, बदलीचा अर्ज लगेच पाठवा.

९ सप्टेंबर, रविवार

मैदानाचं वाटोळं झालं. परवापासून पोरं तिथे पडीक आहेत, आया खुशाल पाठवतात. एवढे दिवस भूत होतं ते कुठे गेलं म्हटलं तर गुणाबाई म्हणाली, “आता ते जागा गावात हाये ना, साहेब.” वाळूच्या हौदात नाल्याचं पाणी आणून ओतलं. घसरगुंडीकडे ढुंकून बघत नाहीत, तिच्याजवळ मातीचा ढीग रचून, त्याला पाणी मारून, पळसाच्या फांदीवर बसून घसरतात. माझी सपाटी डुकरांनी उकरल्यासारखी झाली आहे. सगळ्यांत मोठा ढीग बाकाला टेकून केला आहे, बाकावर चढलं की ढिगावर जाता येतं म्हणून. कुमुद बाकावर चढते, बसत नाही.

अहवालात लिहिलं, ‘ग्रामस्थांच्या सूचनेनुसार मैदानात चढउतार ठेवण्यात आले आहेत.’

१३ सप्टेंबर, गुरुवार

बदलीचा अर्ज अजून लिहिला नाही. या पावसात डाक नीट जात नाही, घाई करून उपयोग काय? सकाळी कुमुदने विचारलं, पुढच्या जिवतीला आपण इथेच ना? मी वर्तमानपत्र वाचत होतो.

संध्याकाळी नाला उतरला होता म्हणून पलीकडे गेलो. हेतू साधा होता. डाव्या खुंटीचं अंतर मोजून आणलं तर चामोर्शीच्या चांभाराकडून तसा बूट करून घेता येईल. पलीकडे तो दगड, आणि शेजारी मोडक्या बांबूंचा ढीग, ओला, कुजायला लागलेला, माशा घोंगावणारा. किळसवाणा. त्यात कुमुदची गेडी लगेच सापडली, दोरीला तिची हिरवी रिबीन होती. हातात घेतली. घासलेटाचा वास अजून येत होता. पुष्कळ वेळ धरून उभा होतो.

मोजली नाही. पाय वाढतो, आजचं माप उद्या चालत नाही, हे उघड आहे. होती तशी परत ठेवली.

येताना नाल्यात पाय धुतले. चिखल होता म्हणून. आणि मागे वळून बघितलं नाही, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.